लुप्त सदरातली सतरंजी

अमरावती
५ ऑगस्ट २०२४

ती. देवीदासकाका,

वाकून नमस्कार. परवा फोन केला, देवानंददादाने तुमच्या कानाला लावून दिला, पण तुम्ही "काही आयकू येत नाही, कागद धाड" असं ओरडून परत दिलात. उभा जन्म मागावर सूत ठोकायचा लोखंडी पंजा आपटून कान गेले, हे विसरलेच होते. म्हणून हा कागद.

आनंदाची बातमी आहे. अकोल्यात सतरंजीचं संग्रहालय होतंय, आणि त्याची सगळी मांडणी माझ्याकडे आली आहे! 'वऱ्हाड वस्त्रवारसा प्रतिष्ठान' नावाची संस्था आहे. अध्यक्ष रविकांतजी, निवृत्त वकील, फार तळमळीचा माणूस. सतरंजीवर बोलायला लागले की डोळे भरून येतात. (घरी गालिचे आहेत, पण ते असो.)

दारातून आत आलं की आधी काळोख. मग पंजाचा ठोका ऐकू येईल, हळूहळू उजेड वाढेल आणि समोर एकच वस्तू दिसेल: खराखुरा माग. या दालनाचं नाव मी 'धाग्यापूर्वीचं मौन' ठेवलंय. समितीला खूपच आवडलं, कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

तर काका, तो माग तुमचा असावा अशी माझी फार इच्छा आहे. बाबा नेहमी सांगतात, मी मास्तर झालो आणि माग देवीदासकडे राहिला. आपल्या घराचं नाव राहील. कळवा.

तुमची मैथिली

*

बाळापूर
१४ ऑगस्ट

चि. मैथिलीले देवीदासकाकाचा आशीर्वाद.

तुहा कागद भेटला. सूनबाईनं, हर्षानं, दोनदा वाचून दाखवला, मंग मी चश्मा लावून एकदा वाचला. तरी मौनाचं काही समजलं नाही. मागाच्या खोलीत मौन असतं का व पोरी? दोघं जनं पंजे हानते, वरून पोपटासारखी तुही काकू बोलत राहे.

माग मांगतं, त्याचं आयक. माग रिकामा नाही. रिद्धपूरच्या मठातून सतरंजी सांगितली आहे. सहा हात रुंद, वीस हात लांब, लाल-निळे पट्टे. चैत्रात त्याईचा मोठा कार्यक्रम असते, तवा पंगतीले लागते. शब्द मी नाही देल्ला, हर्षानं देल्ला. मठातले बाबा आले, मले दंडवत प्रणाम केला आन बोलले तिच्यासंग! मनून राहिले, "बाई, तुमच्या हाताचा पट्टा सरळ असते." आता या घरात पंचावन वर्ष झाले मी विनतो, माह्या पट्ट्याले कोनी सरळ मनलं नाही. पन खोटं कायले बोलू, तिचा हात माह्याहून बरा आहे. तुही काकू गेली तवापासून तिच्याच जाग्यावर बसते. सहा वर्षांत शिकली. तिच्या नवऱ्याले, देवानंदले, सहा दिवसांत कंटाळा आला होता, तो गेला अकोल्याले दुकानात.

तवा माग चैत्रापर्यंत तिचा आहे. मंग पाहू.

आन एक सांगजो. थ्या संग्रहालयात लोकं बसतीन कुठं?

काका

*

अमरावती
९ सप्टेंबर

ती. काका,

नमस्कार. तुमचं पत्र मी समितीत वाचून दाखवलं. सगळे हेलावले. 'लोकं बसतीन कुठं' हे वाक्य तर आम्ही भिंतीवर घेतोय, पितळी अक्षरांत. (बसायची सोय नाही. सतरंज्या काचेत राहणार. पायांच्या घामाने सुताचं आयुष्य कमी होतं, असं तज्ज्ञांचं म्हणणं आहे.)

सोबत नकाशा धाडते. डावीकडच्या भिंतीवर तुमचा फोटो येईल, वीस फूट उंच. खाली अक्षरं: 'शेवटचा विणकर'.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याला मंजुरी मुंबईच्या ज्या कार्यालयातून मिळाली आहे ती 'लुप्त कला' या सदराखाली. म्हणजे कला संपलेली हवी. फार तर एक जाणकार शिल्लक चालतो, तोही सत्तरीपुढचा. 'चालू कला' असं वेगळं सदर आहे, पण त्यात यंदा भरतकाम बसलंय. त्यामुळे कागदोपत्री हर्षावहिनीचा उल्लेख आला तर फाइल परत येईल. मी नाव वगळते आहे. फक्त कागदावर हं. तिने मनाला लावून घेऊ नये.

मैथिली

*

बाळापूर
२० सप्टेंबर

मैथिलीले आशीर्वाद.

वीस फूट! बाळापूरच्या किल्ल्यावरबी एवढं कोनाचं थोबाड नाही. फेटा बांधू का टोपी? भगव्या फेट्यात मी बरा दिसतो असं लोकं मनते. कळवजो.

नकाशा पाह्यला. चित्र मस्त हाय, पन चुकलं. तू मागासमोर एकच बैठक काढली. सहा हात रुंदीची सतरंजी एकट्या मानसानं होते काय? दोघं लागते. डावीकडून मी सूत अर्ध्यापर्यंत नेतो, तिथून उजवीकडची ते घेते आन शेवटपर्यंत नेते. मंग दोघाईचा पंजा संगच पडला पायजे, नायतर पट्टा वाकडा जाते. एकट्याले अर्ध्यात उठून पलीकडं जा लागते. एक-दोन खेपा जमते, मंग गुडघे मनते, बस झालं बावा. या गावात कधीच एक विनकर नव्हता. होते तवा दोन, नायतर एकबी नाही.

हर्षाले मनाले लागलं. त्या दिवशी भाकरी जरा जाड झाल्या.

हा, सांगाचं राहिलं. तुमचे रविकांतजी परवा आले होते. पांढरी गाडी, शाल, नारळ. शेजारपाजारचे सारे जमले. माह्या पायाले हात लावला बरं, एवढा मोठा वकील! कायच्या कागदावर सही मांगतली, करून देल्ली. चश्मा घरात होता, वाचलं नाही. मोठ्या मानसावर इस्वास ठेवा लागते.

फेट्याचं कळवजो.

काका

*

अमरावती
११ नोव्हेंबर

ती. काका,

घाईत लिहिते. फेटाच.

मुंबईहून एक तपासणी अधिकारी शुक्रवारी येताहेत. कला खरोखर लुप्त होते आहे की नाही, हे प्रत्यक्ष पाहून प्रमाणपत्र द्यायचं आहे. हर्षावहिनीला दोन दिवस तिवस्याला माहेरी जाता येईल का? दिवाळीला गेलीच नसेल, तेवढंच तिलाही बरं. मी गाडी पाठवते.

हे चुकीचं आहे असं मला वाटतं का, तर थोडं वाटतं. पण संग्रहालय झालं तर सगळ्यांचंच भलं आहे ना?

मैथिली

*

बाळापूर
२५ नोव्हेंबर

मैथिलीले आशीर्वाद.

झाली तुही तपासनी. हर्षाले गाडीत बसवलं. "मामंजी, मी मेली असं सांगजा, सोपं पडन," एवढंच बोलली.

साहेब आले. भला मानूस वाटला, घामानं निथळून राहिला होता. मनला, विनून दाखवा. मी बसलो, सूत अर्ध्यापर्यंत नेलं, पंजा हानला. आता उठून पलीकडं जाव मनून हात टेकले, तर साहेबानं माहे खांदे धरले. "पुरे बाबा, पुरे! अर्ध्यावर थांबलेली ही वीण... मला सगळं समजलं." डोळे पुसून राहिले लेकाचे. मले काही सुधरे नाही. तेवढ्यात रविकांतजीनं मांगून सांगतलं का, साहेब, ही आमच्याकडची खास पद्धत आहे, अर्धवीण. साहेबानं वहीत लिहून घेतलं. स्पेलिंगबी इचारलं.

मी तोंड उघडाले पायजे होतं. नाही उघडलं. इतके लोकं पाहून राहिले होते, गळ्यात हार होता.

हर्षा आली, अर्धं पाहून कपाळाले हात लावला आन उसवत बसली. आता तरी तिच्या मांगं लागू नका. अजून अकरा हात विनाचं राह्यलं आहे.

काका

*

बाळापूर
१९ डिसेंबर

मैथिलीताई,

मी हर्षा. मामंजी तुमाले लिहीत नाही मनून मीच लिहून राहिली.

मंगळवारी मी बाजारात गेली होती. घरी आली तं दारात ट्रक. चार मानसं माग खोलून राहिले होते. खुंटे उपटले, सतरंजी तान्यासकट गुंडाळली, माहा पंजाबी नेला. मी आडवी झाली तं रविकांतजीच्या मानसानं कागद दाखवला. मामंजीची सही. त्यात दोन गोष्टी लिहिल्या आहे. एक, माग आन त्यावरचं सारं संग्रहालयाले देल्लं. दोन, 'माझ्यानंतर ही कला जाणणारे कोणीही हयात नाही.'

मी हयात आहे ताई. दारातच उभी होती.

मामंजी तवा ओट्यावर बसून होते. काही बोलले नाही. आता मीबी त्याईच्यासंग बोलत नाही. ताट वाढते आन उठून जाते.

मले तुमचं संग्रहालय नाही समजत, मी दहावी शिकली. एवढं समजते का रिद्धपूरले शब्द माहा गेला आहे. चैत्राले तीन महिने आहे. आठ हात बाकी आहे. आजपर्यंत घरात लोकं मने, हर्षाले मास्टरीन व्हाचं होतं, झाली सतरंजीवाली. मठाच्या बाबांनी येऊन सतरंजी सांगतली तवा पह्यल्यांदा वाटलं का माह्याबी हाताले नाव आहे. ते नाव तुमी ट्रकमधी टाकून नेलं.

माग वापस करा. नाही तं मले तिथं येऊन पुरी करू द्या. दुसरं काही मांगत नाही.

हर्षा

*

अमरावती
२ जानेवारी २०२५

प्रिय हर्षावहिनी,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. ट्रक जाणार हे मला माहीत होतं. खोटं बोलत नाही. मला वाटलं, काकांनी तुमच्याशी बोलून घेतलं असेल. खरं तर असं वाटून घेणं सोयीचं होतं.

मी समितीत विषय काढला. माग परत देता येत नाही, कारण त्याला नोंदणी क्रमांक पडला. सतरंजीला वेगळा क्रमांक पडला: 'अपूर्ण सतरंजी, शेवटचा नमुना'. क्रमांक पडलेल्या वस्तूला हात लावायचा तर पांढरे हातमोजे हवेत आणि जतनशास्त्राची पदविका हवी. तुम्ही येऊन विणणं म्हणजे वस्तूचं 'स्वरूप बदलणं' होतं. ती पुरी झाली तर अपूर्ण राहणार नाही, मग फलक बदलावा लागेल, आणि फलक ग्रॅनाइटचा आहे.

हे मी लिहिलं आणि परत वाचलं. काय लिहितेय मी! पण हेच उत्तर मिळालं, दुसरं नाही.

एक जागा आहे, 'प्रात्यक्षिक सहायक'. पदवीची अट आहे. ती जागा रविकांतजींच्या पुतण्याला मिळाली. त्याने पंजा उलटा धरला होता, मी पाहिलं.

उद्घाटन नऊ फेब्रुवारीला. काकांना फेट्यात यायचं आहे, मागावर बसून दाखवायचं आहे. तुम्हीही या. मी समोरच्या रांगेत जागा ठेवते. एवढंच माझ्या हातात आहे, आणि ते फार थोडं आहे.

मैथिली

*

बाळापूर
१७ फेब्रुवारी

मैथिलीले आशीर्वाद.

उद्घाटन तू पाह्यलं. पाहुन्यानं फीत कापली, तुहं मौनाचं दालन झालं, अंधारात दोन बाया एकमेकीवर आपटल्या, मंग उजेड आला. मले मागावर बसवलं. तिथं बैठक एकच! मी नकाशावर एवढं सांगूनबी एकच. पाहुना मने, "आजोबा, चालू करा." मी सूत घेतलं, अर्ध्यापर्यंत नेलं. समोर फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'अर्धवीण, अपूर्णतेचं सौंदर्य'. मांगं माहं वीस फुटाचं थोबाड. आन समोरच्या रांगेत हर्षा, पदर कसून.

पोरी, तुले आता खरं सांगतो. चश्मा त्या दिवशी खिशातच होता. कागद मी वाचला होता. 'कोणीही हयात नाही' हेबी वाचलं होतं. शाल खांद्यावर होती, गाव पाहून राहिलं होतं, आन वाटलं, एवढी जिंदगी गेली, एकदा तरी आपन एकटेच मोठे दिसू. मांगं कोनी उरलं नाही मनलं का मानूस मोठा दिसते. लाज वाटते आता लिहाले.

तर मी थांबलो. सारे टाळ्या वाजवाले लागले, त्याईले वाटलं हीच अर्धवीण. मंग मी वरडलो, "हर्षा, ये व माय. माह्यानं होत नाही." ते उठली, दोरी ओलांडली आन उजवीकडं जमिनीवर बसली. सूत घेतलं, शेवटपर्यंत नेलं. दोघाईचा पंजा संगच पडला.

पाहुन्यानं इचारलं, ह्या कोण? तू तोंड उघडत होती ते मी पाह्यलं. पन रविकांतजी तुह्याहून चलाख. मनले, "साहेब, ही नटी आहे. पूर्वी विणकर बाया कशा बसत, याचं सादरीकरण करते." पाहुना खुश! "अभिनय फार जिवंत आहे," मने. पेपरात तसंच छापून आलं.

तू त्याच सांजेले गेली, तवा पुढचं तुले मालूम नाही. दुसऱ्या दिवशी रविकांतजीचा मानूस घरी आला, मने नटीले रोज पाठवा, लोकाईले आवडलं. सादरीकरणाचं सदर वेगळं आहे, त्यात मोजे लागत नाही, पदविका लागत नाही. मी काही बोलायच्या आत हर्षा मने, "येते."

आता आमी रोज सकाळच्या एसटीनं अकोल्याले जातो. ते नटी, मी शेवटचा. दिवसभर विनतो. शाळेचे पोरं येते, मास्तर त्याईले सांगते का हे खोटं खोटं आहे. रोज अर्धी वीत सतरंजी वाढते आन कोनाले दिसत नाही, कारन सारे फलक वाचून राहिले. तो पुतन्या बाजूले उभा राहून हर्षाले सांगते, "बाई, जरा दुःखी दिसा." काल तिनं त्याले पंजा सुलटा कसा धराचा ते दाखवलं.

घरी अजून बोलत नाही माह्यासंग. मागावर बोलते. "मामंजी, सूत ढिलं सोडलं तुमी," असं. मले तेवढंबी पुरते.

काका

*

वऱ्हाड वस्त्रवारसा प्रतिष्ठान, अकोला
२४ मार्च २०२५

श्रीमती हर्षा, बाळापूर यांस,

आपणांस या पत्रान्वये कळविण्यात येते की, दिनांक २१ रोजी संग्रहालयातील नोंदणीकृत वस्तू 'अपूर्ण सतरंजी, शेवटचा नमुना' ही मागावरून नाहीशी झाल्याचे आढळून आले. आपण त्या दिवशी सादरीकरणानंतर एक मोठी गुंडाळी घेऊन जाताना सुरक्षारक्षकाने पाहिले असून, आपण विचारणेअंती "नाटकाचं सामान" असे उत्तर दिल्याचे त्याने लेखी दिले आहे. सदर वस्तू सात दिवसांत अपूर्ण अवस्थेत परत करावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल.

अध्यक्षांच्या आदेशावरून,
मैथिली, मांडणी सल्लागार

ता. क. वहिनी, मजकूर रविकांतजींचा आहे, सही माझी. मी मुद्दाम टपालाने पाठवतेय, रजिस्टर न करता, साध्या पाकिटात. तेवढे दिवस मिळतील. 'अपूर्ण अवस्थेत परत करावी' हे टाइप करताना मला हसू आलं आणि मग रडू आलं. सतरंजी पूर्ण झाली ना, एवढं कळवा.

*

रिद्धपूर
२ एप्रिल

मैथिलीताई,

तुमचं पाकीट देवानंदनं इथं आनून देल्लं. उत्तर मठाच्या ओट्यावर बसून लिहून राहिली. वरचा भाग रविकांतजीले दाखवजा.

अध्यक्षसाहेब, तुमची वस्तू माह्यापाशी नाही. तुमची होती ते बारा हाताची, अपूर्ण. माह्यापाशी वीस हाताची आहे, पुरी. बाकीचे आठ हात तुमच्या घरात कोनी विनले मनता? तुमच्याच कागदावर मामंजीची सही आहे का त्याईच्यानंतर विनता येनारं कोनी हयात नाही. पेपरात छापून आलं का मी नटी आहे. नटीले कुठं विनता येते? आन येते मनाल, तं तसं मुंबईले लिहून कळवा, का कला लुप्त नाही, ते एसटीनं जाते-येते. मी सही देते त्यावर. कोर्टात बोलवा, पंजा घेऊन येईन, न्यायाधीशासमोर बसून दाखवीन. संग मामंजी पायजे, एकटीनं होत नाही.

माग तुमच्यापाशीच ठेवा. देवानंदनं सुताराले बाभळीचे खुंटे सांगतले आहे. मामंजी रोज तिथं जाऊन सुताराचं डोकं खाते. तो भगवा फेटा त्याईनं सुताराच्याच पोराच्या लग्नात देऊन टाकला.

इथून तुमच्यासाठी, ताई.

सतरंजी काल आंथरली. बाबांनी दंडवत घातला, मले नाही, सतरंजीले. मले फक्त मनले, "पट्टा सरळ आला." मी मान हालवली.

मंग पंगत बसली. दोन्हीकडून चाळीसेक लोकं. मामंजी वाढत होते. मी खांबापाशी उभी राहून नुसती पाहून राहिली. कोनी मांडी घातली, कोनी पाय पसरले, एक लेकरू निळ्या पट्ट्यावर लोळत होतं. रविकांतजीनं मोजे घालून उचललं होतं हेच ते सूत.

मधातच एका म्हाताऱ्या बाईच्या हातून वरनाची वाटी कलंडली. लाल पट्ट्यावर हा एवढा पिवळा डाग. ते घाबरून गेली. मने, "नवी कोरी होती व माय, खराब केली मी." मी जवळ गेली, तिची वाटी सरळ केली, मनलं, "राहू द्या आजी, जेवा."

तुमाले सांगते ताई, सहा वर्षांत एवढं बरं मले कधी वाटलं नाही. आता ते कोनी काचेत ठेवाले मांगनार नाही.

हर्षा